केस ओले आहेत तोवर

सरळ केसांची माणसं अंघोळ करता करता केस धुतात. कुरळ्या केसांची माणसं केस धुता धुता जमलं तर अंघोळ करतात. त्यासाठी आधी दिवस ठरवावा लागतो. बाहेर कधी पडायचंय, डोक्यावर हेल्मेट चढवावं लागणार का, हवा दमट आहे की कोरडी, एवढा विचार झाला की मग शाम्पूच्या बाटलीला हात लागतो. अशा वेळी कोणी फोन करून ‘अर्ध्या तासात निघतेस का?’ म्हटलं आणि आपण ‘केस ओले आहेत’ असं सांगितलं, तर पलीकडच्याला ती सबब वाटते. त्याला काय ठाऊक! पाठीवर रुळणारी ओली बट वाळली की खांद्याच्या वर चढून बसते, आणि ती तिथे नीट बसेपर्यंत घराबाहेर पडण्यात अर्थ नसतो.

त्यामुळे कुरळे केस आणि झटपट हे दोन शब्द एकत्र ऐकले की आधी हसूच येतं. पण जमतं. हातांचं काम वीसएक मिनिटांत उरकतं. वाळण्याचा वेळ त्यात धरायचा नाही, तो केसांचा वेळ, आपला नव्हे. आणि हात भराभर चालवून काही होत नाही. काही कामं मुळातच करायची नाहीत, तिथे वेळ वाचतो.

त्यातलं पहिलं म्हणजे शाम्पू टोकांपर्यंत चोळणं. टाळूतून पाझरणारं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, कुरळ्या केसाच्या वळणांवर ते अडतं. म्हणून एकाच डोक्यावर मुळं तेलकट आणि टोकं कोरडी ठणठणीत. तेव्हा शाम्पू मुळांपुरता. बोटांच्या पेरांनी टाळू चोळायची, नखांनी नव्हे, आणि धुताना जो फेस खाली ओघळेल तेवढा टोकांना पुष्कळ झाला. कंडिशनरचं बरोबर उलटं. टोकांना सढळ हाताने, मुळांना जवळजवळ नाहीच.

ज्यांना आधी तेल लावायची सवय आहे त्यांनी ती सोडावी असं मी म्हणणार नाही. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं होतं. खनिज तेल आणि सूर्यफुलाचं तेल त्यात मागे पडलं. पण तेल म्हटलं की तो वेगळा कार्यक्रम होतो. घाईच्या दिवशी मी तो सरळ वगळते.

आता गुंता. तो सोडवायचा कंडिशनर लावलेला असतानाच. कोरड्या कुरळ्या केसांत कंगवा घालणं म्हणजे हाताने केस पिंजारून घेणं. सुरुवात खालून. टोकाकडचा चार बोटांएवढा भाग मोकळा करायचा, मग जरा वर, मग आणखी वर. वरून खाली ओढत आलं तर वाटेतले सगळे बारके गुंते गोळा होऊन शेवटी एक थोरला गुंता हाती येतो. शिवाय ओला केस ताणला जात असला तरी कोरड्यापेक्षा कमकुवत असतो, म्हणून आधी बोटं, मग रुंद दातांचा कंगवा. बोटांना जे कळतं ते कंगव्याला कळत नाही. मानेच्या वर, आतल्या बाजूला, रात्रभर उशीवर घासला जाणारा एक पट्टा असतो, गुंता हटकून तिथेच. कधी चिमटीतून बट सरकवताना मधेच कण लागल्यासारखं होतं. उजेडात धरून बघितलं तर एकाच केसाला स्वतःभोवतीच बसलेली गाठ असते, टाचणीच्या टोकाएवढी. ती सोडवत बसू नये. कात्री हाताशी असेल तर गाठीच्या किंचित वर कापावं, नसेल तर तिला तिच्या नशिबावर सोडावं.

मग ओंजळीत पाणी घेऊन टोकांकडून वर केस मुठीत दाबायचे. पचक पचक असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर पाणी कमी पडतंय. अशा वेळी बहुतेकांचा हात पुन्हा कंडिशनरच्या बाटलीकडे जातो, नळाकडे जायला हवा. दाबता दाबता सुटे, फिसकारलेले केस आपापली बट शोधून तिच्यात शिरतात. धुण्याच्या सगळ्या खटाटोपात मला सर्वात आवडतो तो हा भाग. गडबड असली तरी इथे मी दोन मिनिटं जास्तीची घेते.

हे सगळं ओल्यातच का, याला कारण आहे. केस कुरळा होणार हे कातडीखालीच ठरतं. केशकूप, म्हणजे केस जिथून उगवतो ती कातडीतली खोबण, वाकडी असली की केस वळण घेतच बाहेर येतो. केसाच्या आत केराटिन या प्रथिनाच्या साखळ्या असतात. त्यांना जोडणारे गंधकाचे बंध पाण्याला दाद देत नाहीत. पण त्यांच्या जोडीला हायड्रोजनचे असंख्य हलके बंध असतात. केस भिजला की ते सुटतात, वाळताना पुन्हा जुळतात, आणि त्या वेळी केस ज्या अवस्थेत असेल त्याच अवस्थेत जुळतात. फिसकारलेला असेल तर फिसकारलेला. नंतर हवा दमट झाली की हेच बंध पुन्हा सैल पडतात. जिनिव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने 1783 साली माणसाच्या केसावर चालणाऱ्या आर्द्रतामापकाची माहिती प्रसिद्ध केली. दमट हवेत केस किंचित लांबतो, कोरड्या हवेत आखडतो. पूर्ण कोरड्यापासून पूर्ण दमट हवेपर्यंत हा फरक जेमतेम दोन-अडीच टक्क्यांचा, पण तेवढ्यावर काटा हलवता येतो. कुरळ्या केसवाल्यांना हे उपकरण विकत घ्यावं लागत नाही. आरसा पुरतो.

म्हणून जेलही केसांतून पाणी निथळत असतानाच लावायचं. तळहातांवर पसरून बटांवरून फिरवायचं आणि पुन्हा मुठीत दाबायचं. टॉवेल नको, त्याच्या फासांत केस अडकतात आणि घासल्याने केसावरचे खवले उचकटतात. जुना सुती टी-शर्ट पसरून त्यावर केस उतरवायचे, वरून दाबायचं आणि सोडून द्यायचं.

आणि इथून पुढे हात लावायचा नाही. सगळ्या कामातलं हेच अवघड. जेल वाळलं की बटा कांजी दिलेल्या कॉलरसारख्या कडक होतात. घरातलं कोणीतरी ‘हे काय झालंय केसांना?’ विचारतंच, आणि मग आपलाही हात नकळत तिकडे जातो. पण तो कडकपणा हवा असतो, आतलं वळण त्याच्या आधाराने वाळत असतं. पूर्ण वाळल्यावर टोकांकडून हलकेच चुरडलं की तो मोडतो आणि मऊ बटा उरतात. मुळांशी थोडीशी ओल असताना चुरडलं तर सगळं मुसळ केरात. फारच घाई असेल तर ड्रायरला डिफ्यूझर, म्हणजे हवा पसरवणारं वाटीसारखं तोंड, लावावा, वाफेसारखी गरम नको, कोमट हवा, वेग कमी, आणि बट वाटीत ठेवावी तशी त्यात ठेवून हात स्थिर. तेवढा धीर माझ्यात क्वचितच असतो.

हे वीस मिनिटांचं गणित सगळ्यांना लागू नाही, हेही सांगायला हवं. आंद्रे वॉकर या अमेरिकी केशरचनाकाराने 1990च्या दशकात केसांचे आकडे आणि अक्षरं लावून प्रकार पाडले, पुढे इतरांनी त्यात भर घातली, आणि आता माणसं राशी विचारावी तसा एकमेकांचा प्रकार विचारतात. ज्यांचे केस स्प्रिंगसारखे घट्ट वळतात त्यांना भाग पाडून, एकेक भाग बांधून ठेवूनच काम करावं लागतं. त्यांना कोणी वीस मिनिटांच्या गोष्टी सांगितल्या तर राग येणं रास्त आहे. बाकी एकाच डोक्यावर कपाळाशी लाटा, कानामागे वेटोळी आणि मानेजवळ घट्ट स्प्रिंग, असंही असतं. कोणतं अक्षर लावणार?

बाटल्या मात्र तीनच. शाम्पू, कंडिशनर, जेल. बाजारात याच्या दसपट आहेत, आणि त्या सगळ्या लावायच्या ठरवल्या तर झटपट हा शब्द विसरावा.

धुतल्यानंतरचा दुसरा दिवस बहुधा सगळ्यात चांगला जातो. रात्री केस डोक्यावर सैल गोळा करून बांधले, उशीला सॅटिनचा अभ्रा असला, तर सकाळी विस्कटलेल्या दोन-चार बटांवर ओला हात फिरवून काम भागतं. तिसऱ्या दिवशी तेवढ्याने भागत नाही, पाण्याचा फवारा लागतो. पुढे टाळू खाजायला लागेपर्यंत अंबाडा. अंबाड्यात गुंता खपून जातो.