ओल्या वाळूचा हिशेब

दुसऱ्या वर्षाचे काँक्रीट टेक्नॉलॉजीचे प्रात्यक्षिक आमच्या वाट्याला ऑगस्टमध्ये, ऐन पावसात आले. एम-२५ प्रतीचे, म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसणारे, मिश्रण आपणच काढायचे, त्याचे १५० मिलिमीटरचे सहा क्यूब, म्हणजे घनाकृती ठोकळे, भरायचे आणि तीन ७ दिवसांनी, तीन २८ दिवसांनी फोडायचे, असे काम होते. भारतीय मानक १०२६२ प्रमाणे एम-२५ साठी सरासरी ताकद ३१.६ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर धरावी लागते, कारण निकाल नेहमीच खालीवर होतात आणि त्यातले शेकडा पाचापेक्षा जास्त २५ च्या खाली जाऊ नयेत अशी अपेक्षा असते. आमच्या गणितात घनमीटरला ३६० किलो सिमेंट, १८० लिटर पाणी, साधारण ७०० किलो वाळू आणि बाकीची बेसाल्टची खडी बसली. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.५० आले.

सहा क्यूबांसाठी थोडे वाया जाईल हे धरून १६.८ किलो वाळू लागणार होती. ती आम्ही शेडच्या कडेच्या ढिगातून घेतली. प्रयोगशाळेतले मामा म्हणाले, ‘‘मूठ दाबून बघा आधी, वाळू ओली आहे.’’ मूठ उघडली तेव्हा वाळूचा गोळा जसाच्या तसा तळहातावर बसून राहिला आणि हात ओला झाला. आम्ही पाहिले आणि तरीही वजनकाट्यावर १६.८ किलो मोजून मिक्सरमध्ये टाकले, कारण कागदावर तेवढेच लिहिलेले होते. ओले काँक्रीट किती पातळ आहे ते पाहायचा ३०० मिलिमीटर उंचीचा स्लंप कोन वर उचलला तेव्हा काँक्रीट १३० मिलिमीटर खाली बसले. आम्ही ५० ते ७५ धरले होते. चूक तिथेच उघडी पडली होती. पण मोल्ड भरणे सोपे गेले म्हणून आम्ही खूश झालो.

२८ व्या दिवशी टाकीतून काढलेला पहिला क्यूब पुसून, भरतानाची वरची बाजू कडेला येईल असा यंत्रात ठेवला. ही काळजी फार महत्त्वाची असते, कारण थापीने सारखी केलेली ती बाजू मोल्डच्या बाजूंइतकी सपाट नसते. काटा एका लयीत चढत गेला, ५४० किलोन्यूटनला थबकला आणि मागे फिरला. सर्वांत जास्त भार दाखवणारा लाल काटा तिथेच राहिला. कडा ढासळून आत डमरूसारखा आकार उरला. पोलादी प्लेटांच्या घर्षणामुळे क्यूबचे वरचे आणि खालचे टोक आवळलेले राहते आणि मधला भाग बाहेर फुटतो, म्हणून हा आकार येतो. ५४० ला २२,५०० चौरस मिलिमीटरने भागले की २४.० येतात. बाकीचे दोन २४.५ आणि २३.६ आले.

आमच्या महाविद्यालयात तेव्हा आधीच्या तुकडीची जर्नले फिरत असत आणि त्यांत सगळ्यांचेच निकाल ३१ ते ३३ च्या दरम्यान असत. आम्हीही तसेच लिहिणार होतो. मॅडमनी वही पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘आकडा खोडू नका. तो का आला ते शोधून लिहा.’’ त्या एका वाक्याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

पाऊस चालूच होता. त्याच ढिगातली ५०० ग्रॅम वाळू ओव्हनमध्ये १०५ अंशांवर चोवीस तास ठेवली, ती ४७६ ग्रॅम भरली. म्हणजे कोरड्या वजनाच्या ५ टक्के पाणी. त्यातला सुमारे १ टक्का वाळूचे कण शोषून धरतात, उरलेले ४ टक्के मिश्रणात मोकळे होते. घनमीटरला हिशेब केला तर सुमारे २७ लिटर पाणी आमच्या नकळत आत गेले होते आणि गुणोत्तर ०.५० वरून ०.५७ च्या पुढे सरकले होते. शिवाय वाळू म्हणून आम्ही जे तोलले त्यात पाण्याचेही वजन होते, त्यामुळे खरी वाळू तेवढीच कमी पडली. सिमेंटशी रासायनिक क्रिया होऊन उरलेले पाणी पुढे सुकून जाते आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवते, ताकद तिथे जाते, हे वर्गात ऐकले होते. ते आकड्यांत उतरलेले मात्र त्या दिवशी पाहिले.

माझे मत असे आहे की हे प्रात्यक्षिक मुद्दाम पावसाळ्यात आणि ओल्या वाळूनेच करून घ्यावे. कोरड्या वाळूवर ते निर्विघ्न पार पडते, आणि ओलाव्याची दुरुस्ती परीक्षेतल्या दोन गुणांपुरती उरते. साइटवर मात्र ढीग उघड्यावर असतो आणि सकाळची वाळू दुपारच्या वाळूसारखी नसते.

दुसऱ्या वेळी पाणी तेवढे कमी केले, वाळू तेवढी वाढवली आणि स्लंप ६५ आला. सबमिशनची तारीख त्या क्यूबांच्या २८ व्या दिवसाच्या आधीच होती, म्हणून जर्नलमध्ये २४ चाच निकाल गेला, सोबत ओलाव्याच्या हिशेबाचे दीड पान. नंतर क्यूब फोडायला मी आणि मामा दोघेच होतो. पहिला ७१५ किलोन्यूटनला फुटला, म्हणजे ३१.८, आणि तो आकडा मी जर्नल परत मिळाल्यावर त्या दीड पानाखाली पेन्सिलने लिहून ठेवला.