दोराची केळ

रावेरच्या माणसाला केळीचे अप्रूप वाटावे, असा प्रसंग आयुष्यात येईल असे मला कधी वाटले नव्हते. भाची फिलिपिन्समधील दावाओ शहरात वैद्यकीय शिक्षण घेते. दिवाळीनंतर तिच्याकडे आठ दिवस जाऊन राहिलो. त्यांतले सहा दिवस मॉल, समुद्रकिनारा आणि दमट उकाड्याविषयीची माझी कुरकुर यांतच संपले. लॉजमध्ये दुरियन हे उग्र वासाचे फळ आणू नये अशी पाटी होती, तरी फणसावर वाढलेल्याला कसला आला वास, या गुर्मीत मी तो खोलीत नेला आणि दंड भरला. चूक माझीच होती.

हे लिहिणे मात्र मिन्तालसाठी आहे. मिन्ताल म्हणजे दावाओचेच एक उपनगर, कालिनानकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. तिथल्या बाजारात मला आबाकाच्या धाग्याची जुडी दिसली. आबाका ही केळीच्याच कुळातली. पाने तीच, खोड तेच, फळ मात्र बियांनी भरलेले आणि खाण्याच्या उपयोगाचे नाही. आम्ही घड उतरवला की खोड बांधावर फेकतो. इथे खोडासाठीच झाड लावत, त्याची सोपटे सोलून सुरीखालून खेचत आणि निघालेला पिवळसर धागा उन्हात वाळवत. खाऱ्या पाण्यातही लवकर न कुजणारा हा धागा जहाजांच्या दोरांसाठी जगभर जात असे. मी एक धागा दोन्ही हातांनी ताणून पाहिला, तर बोट कापले, धागा काही तुटला नाही.

1848 साली होसे ओयांगुरेन या स्पॅनिश माणसाने दातू बागो या स्थानिक सरदाराचा पाडाव करून हा मुलूख घेतला खरा, पण दावाओला भरभराट आली ती या धाग्यामुळे. उत्तरेकडे लुझोन बेटाच्या डोंगरात बेंगेटचा रस्ता बांधायला आलेले जपानी मजूर काम संपल्यावर इकडे उतरले, ओहता क्योसाबुरो याने 1907 मध्ये आबाकाच्या मळ्यांची कंपनी काढली, आणि महायुद्धाच्या तोंडावर इथली जपानी वस्ती सुमारे 20,000 वर पोहोचली. मिन्तालला तर लोक छोटे टोकियो म्हणत. डिसेंबर 1941 मध्ये जपानी सैन्य दावाओत उतरले. 1945 मध्ये पराभव झाल्यावर या मळेवाल्यांनाही मायदेशी धाडण्यात आले. त्यांची फिलिपिनो बायकांपासून झालेली मुले बहुतांशी इथेच राहिली, आणि त्यांतल्या कित्येकांनी सूडाच्या भीतीने वडिलांचे आडनाव लपवले. आज साडेसतरा लाखांहून अधिक वस्तीच्या या शहरात फिरताना त्याचा मागमूसही लागत नाही. पुढे आबाकावर रोग पडला आणि 1960 च्या दशकापासून मळ्यांत कॅव्हेंडिश आली, म्हणजे आमच्या ग्रँड नैनच्याच गटातली केळी. तिचे मोठे गिऱ्हाईक कोण, तर जपान!

“मामा, स्मशान बघायला का कोणी परदेशी येतं?” असे भाची म्हणत होती, तरी मी तिला मिन्तालच्या दफनभूमीत नेलेच. मृतांचा सण दोनच दिवसांपूर्वी झाला होता. फिलिपिनो थडग्यांवर फुले, खाऊची रिकामी पाकिटे आणि मेणबत्त्यांचे थिजलेले ओघळ यांचा खच पडला होता. जपानी भागात शुकशुकाट होता. दगडांवरच्या उभ्या अक्षरांत शेवाळ भरले होते. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पत्र्याच्या डब्यात विकण्यासाठी मेण गोळा करत थडग्याथडग्यांवरून हिंडत होता. तो त्या भागातही आला. मला वाटले, इथे त्याला काय मिळणार? पण कोपऱ्यातल्या एका दगडापाशी तो खाली बसला, पायथ्याशी कोणीतरी लावून गेलेल्या एकाच मेणबत्तीचे बूड त्याने नखाने खरवडून काढले, डब्यात टाकले आणि पुढच्या रांगेकडे निघून गेला.