ती एक टिक आणि 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न'

विंडोजच्या जुन्या व्हर्जनचा विषय निघाला की सगळे एक्सपीचा हिरवा डोंगर, व्हिस्टाच्या काचेसारख्या खिडक्या आणि आठमधून गायब झालेलं स्टार्ट बटण यावरच बोलतात. मला पहिली आठवते ती कंट्रोल पॅनलमधली एक टिक.

मी सोलापुरात डीटीपी करतो, म्हणजे छपाईचा मजकूर कॉम्प्युटरवर टाईप करून मांडतो. सुरुवात साखर पेठेतल्या एका छोट्या दुकानात, विंडोज ९८ वर. लग्नसराईत मराठी पत्रिका तर असायच्याच, पण पूर्व भागातलं गिऱ्हाईक आलं की तेलुगू, अक्कलकोटकडचं आलं की कन्नड, आणि प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, कीबोर्ड वेगळा, अन् कॉम्प्युटरला यातलं काहीच कळत नव्हतं. म्हणजे स्क्रीनवर 'श' दिसायचा पण आत इंग्रजीचंच कुठलं तरी अक्षर असायचं, फॉन्ट नुसता वरून मराठी कपडे घालायचा. त्यामुळं फाईल फ्लॉपीवर घालून दुसरीकडं नेली आणि तिथं तो फॉन्ट नसला की संपलं, देवाच्या नावापासून 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' पर्यंत सगळं एबीसीडीचं कडबोळं.

विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी (म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या कॉम्प्युटरवर एकच ठरलेला नंबर) आणि मंगल फॉन्ट आला होता, पण आम्ही ९८ वरून थेट एक्सपीवर गेलो. एक्सपीत मंगलच्या जोडीला तेलुगूचा गौतमी, कन्नडचा तुंगा पण होता. पण हे सगळं आपोआप चालू नसायचं, आणि ते आम्हाला कुणी सांगितलंच नाही. नुसते चौकोन दिसायला लागले म्हणून मी दुसऱ्या मशीनवरनं मंगल कॉपी करून आणला, तर अक्षरं आली पण 'सिद्धेश्वर' मधली वेलांटी स च्या मागं जाऊन बसली आणि द्ध फुटून पाय मोडलेला द आणि ध वेगवेगळे. वेलांटी टाईप होते नंतर पण दिसते आधी, ही मांडामांड फॉन्ट एकटा करत नाही, विंडोजलाही ते यावं लागतं, हे तेव्हा डोक्यातच नव्हतं.

शेवटी रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची, म्हणजे अशी मांडामांड लागणाऱ्या लिप्यांची, ती टिक सापडली. टिक केली, त्यानं सीडी मागितली, सीडी घातली, रिस्टार्ट केलं, आणि साध्या नोटपॅडमध्ये 'श्री सिद्धेश्वर प्रसन्न' अगदी सरळ उमटलं. अंगावर काटा आला खरंच. फाईलचं नाव पण मराठीत देता येत होतं, मी त्या दिवशी उगीच दहा-बारा फाईलींची नावं बदलली.

२००७ मध्ये व्हिस्टा आलं, जड म्हणून लोकांनी लई शिव्या घातल्या, पण ती टिक शोधायची गरज तिथं संपली, आपली लिपी पहिल्या दिवसापासून चालू. माझ्यासाठी यापेक्षा मोठं फीचर कुठल्याच व्हर्जननं दिलं नाही. 'ॲ' ची गोष्ट अजून वेगळी, ते अक्षर युनिकोडमध्येच २००८ ला आलं त्यामुळं एक्सपीच्या जुन्या मंगलमध्ये ते नव्हतंच, आणि पत्रिकेत ॲडव्होकेट काका तर हमखास असतात! मग अ ला जुगाड करून चंद्र लावायचो. पुढं आठमध्ये निर्मला आला, एकाच फॉन्टमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही. २०१९ च्या मे अपडेटला विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आला, म्हणजे इंग्रजी अक्षरांत उच्चार टाईप केला की मराठी उमटतं, तेव्हा तर दुकानातली नवी पोरं इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांचा ठरलेला कीबोर्ड) न शिकता टायपिंगला बसली.

परवा एक गिऱ्हाईक आलं, म्हणाले, "भाऊ, आमच्या लग्नाची पत्रिका तुमच्याकडंच केलती, त्यातलाच मजकूर पोरीच्या पत्रिकेला घ्यायचाय." सीडीवर फाईल सापडली पण तो फॉन्ट आता माझ्याकडं नाही. मग त्यांच्या घरातली पिवळी पडलेली पत्रिका समोर ठेवून सगळं परत युनिकोडमध्ये टाईप केलं, आणि फाईलला पोरीचं नाव दिलं, मराठीतच.