त्यांनी मागितलं तेवढंच: नेपाळमधल्या मिशन सेवेचा माझा अनुभव

नेपाळच्या तराईतून, म्हणजे भारताच्या सीमेलगतच्या सपाट पट्ट्यातून, तिथल्या ख्रिस्ती हॉस्पिटलकडून आमच्या मंडळीला (म्हणजे आमच्या चर्चला) आलेलं पत्र जेमतेम दीड पानाचं होतं, आणि त्यातला बराच भाग काय नको हे सांगण्यात गेला होता. पत्रकं नकोत. जुने कपडे नकोत. मोठा गट नको. रुग्णांचे आणि मुलांचे फोटो काढणारी माणसं तर नकोतच. हवं होतं ते असं: कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्यांसाठी चपला करणारा एक कारागीर, पायांची निगा शिकवू शकेल असं फिजिओथेरपीतलं एक माणूस, जखमांची ड्रेसिंग वर्षानुवर्षं केलेली एक नर्स आणि जुनं वायरिंग बघू शकेल असा कुणीतरी. आमच्या लोकांच्या हाताखाली काम करायची तयारी असेल तरच या, ही शेवटची ओळ.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि कुष्ठरोगाच्या वॉर्डात बरीच वर्षं काम केलं आहे. त्यामुळे पाळकसाहेबांनी उपासनेनंतर पत्र वाचून दाखवलं तेव्हा दोन-तीन माना माझ्याकडे वळल्याच.

नगरकडच्या ख्रिस्ती घरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात मिशनरी म्हणजे बाहेरून आपल्याकडे आलेला माणूस. 1813 साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, 1831 साली नगरला त्यांचं काम सुरू झालं, मिरजेत 1894 साली डॉ. वान्लेस यांनी हॉस्पिटल उघडलं, हे सगळं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. माझी आजी मिशनच्या शाळेत अक्षरं शिकली. पण आजी ज्या मडमसाहेबांची आठवण काढायची, त्या अस्खलित मराठी बोलायच्या, इथेच म्हाताऱ्या झाल्या आणि इथल्याच मातीत गेल्या. काही आठवड्यांसाठी परदेशात जाणाऱ्याला हे कुठून जमणार? म्हणून अशा माणसाने स्वतःचा कार्यक्रम घेऊन जाऊच नये, तिथल्या मंडळीने ठरवलेलं काम करून परत यावं, असं माझं ठाम मत आहे. ते पत्र वाचून मला हायसं वाटलं ते याचसाठी.

निवड सोपी नव्हती, आणि ते बरंच झालं. पाळकांचं शिफारसपत्र, वैद्यकीय तपासणी, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला, शिवाय मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीपुढे मुलाखत. कमिटीतल्या एका निवृत्त डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला: "तुम्ही गेला नाहीत तर तिथलं काय अडेल?" मी त्यांना सांगितलं की तिथे पाय तपासणारी दिदी एकटीच आहे, ती रजेवर गेली की तपासणी बंद पडते. दुसरं कुणी तयार झालं की अडणार नाही. "मग दुसरं कुणी तयार करूनच या," ते म्हणाले. हाच प्रश्न प्रत्येक मंडळीने प्रत्येक इच्छुकाला विचारावा. त्याचं उत्तर देता येत नसेल तर तिकिटाचे पैसे तिकडे पाठवून दिलेले चांगले.

पैशांचं म्हणाल तर प्रवासखर्च आम्ही चौघांनी आपापला केला. साहित्याचा खर्च हंगामाच्या सणातून निघाला. आमच्याकडे त्या दिवशी लोक शेतातलं, परसातलं जे असेल ते देवाला अर्पण म्हणून घेऊन येतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका काकांनी एक भोपळा चांगल्या किमतीला घेतला आणि तिथल्या तिथे परत लिलावाला ठेवला. दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत ठेवला. असं करत त्या एका भोपळ्याने चपलांच्या रबराचे बरेच पैसे उभे केले. शेवटी तो घरी नेला महिला मंडळाच्या एका मावशींनी, आणि रविवारी सगळ्यांना घारगे खाऊ घातले.

कायद्याची बाजू मी स्वतः नीट वाचली, आणि जाणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. नेपाळच्या 2015 च्या संविधानातलं कलम 26 स्वतःचा धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. 2018 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम 158 नुसार त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर त्याला देशाबाहेर काढतात. आपण तिथून निघून येतो. संशयाची नजर राहते ती तिथल्या विश्वासणाऱ्यांवर, त्यांच्या हॉस्पिटलवर आणि त्यांच्या मुलाबाळांवर. म्हणून आम्ही चौघांनी लिहून दिलं की रुग्णांशी धर्माचा विषय आपणहून काढणार नाही. यामुळे साक्ष देणं, म्हणजे आपल्या विश्वासाबद्दल इतरांना सांगणं, राहून गेलं का, असं मंडळीतल्या काही जणांनी मला विचारलं. मला तसं मुळीच वाटत नाही. आजारी माणूस खाटेवर असतो, त्याला आपली गरज असते, ‘नाही’ म्हणणं त्याला जड जातं. अशा वेळी त्याच्यापुढे विश्वासाचा प्रश्न ठेवू नये, हे कायद्याने सांगायच्या आधी आपल्यालाच कळायला हवं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र मात्र लागतं. आधारवर भिस्त ठेवू नका. शंभराच्या नोटा जास्त ठेवा, मोठ्या नोटांचे नियम बदलत राहतात. आपला एक रुपया म्हणजे तिथले एक रुपया साठ पैसे, आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे.

आम्ही मनमाडहून रेल्वेने बिहारमधल्या जयनगरला गेलो. तिथून जनकपूरपर्यंत नेपाळची गाडी जाते. बरीच वर्षं बंद असलेली ही लाइन रुंद करून एप्रिल 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. सीमेपलीकडे गेल्यावरही कानावर मैथिलीच पडते आणि हिंदीत सगळं भागतं.

जानेवारीचा शेवट होता. तराईतली थंडी मी ऐकून होते, तरी तिथलं धुकं बघून घाबरले. दहा-दहा वाजेपर्यंत सूर्य दिसत नाही, ओल हाडांपर्यंत जाते. अंगणात पालापाचोळा, भाताचा पेंढा पेटवून माणसं भोवती बसतात. त्या शेकोटीला तिथे घूर म्हणतात. ज्याच्या पायांना जाणीव आहे तो चटका बसला की पाय मागे घेतो. कुष्ठरोगात नसा गेलेल्या माणसाला ते कळतच नाही. आमच्या पहिल्याच सकाळी एक बाबा आले, वय सत्तरच्या आसपास. पायाला गोणपाट गुंडाळलेलं. दिदीने ते सोडवलं तर करंगळीकडची बाजू पूर्ण भाजलेली, त्यावर राख चिकटलेली. रात्री कधी भाजलं हे त्यांना सांगता येईना. सकाळी नातवाला वास आला म्हणून कळलं.

कुष्ठरोगाचं औषध जगभर फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभराच्या उपचाराने माणूस पूर्ण बरा होतो. सरकारी हिशेबात दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले की सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून या रोगाचं निर्मूलन झालं असं धरतात. भारताने ते 2005 च्या अखेरीस जाहीर केलं, नेपाळने 2010 मध्ये. पण गेलेली नस औषधाने परत येत नाही. वेल्लोरला सर्जन डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगाने झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून रोजच्या जखमांनी ती खर्ची पडतात. त्या बाबांचा रोग केव्हाच बरा झाला होता. पाय मात्र रोज जपायचा होता, मरेपर्यंत.

जपायचं कसं, हेच मला शिकवायचं होतं. रोज पाय साध्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं बुडवून ठेवायचे, कडक झालेली कातडी खरखरीत दगडाने हलकेच घासायची, ओल्या पायावरच तेल चोळायचं आणि मग आरसा धरून किंवा घरच्या माणसाकडून तळवे बघून घ्यायचे: कुठे लाल झालंय, कुठे काटा रुतलाय. दिदीने यात तिथल्या गरजेची भर घातली. थंडीत लोक पाणी तापवणारच, मग ते किती गरम झालं हे त्यांनी स्वतः बघायचं नाही, सुनेने किंवा नातवाने कोपर बुडवून बघायचं. तेल मोहरीचं, कारण ते प्रत्येक घरात असतं. शेकोटीपासून किती लांब बसायचं, यासाठी तिने जमिनीवर काठी आडवी ठेवली. काठीच्या पुढे पाय न्यायचा नाही. इतकी साधी, घराघरात चालणारी युक्ती मी तरी कुठल्या प्रशिक्षणात पाहिली नव्हती.

चपलांच्या खोलीत आमचे विदर्भातले काका बसायचे. बधिर पायाच्या चपलेचं आतलं अस्तर एमसीआर नावाच्या मऊ रबराचं असतं, खालचा तळ कडक, म्हणजे काटा वर येऊ नये. खिळा एकही नाही, कारण खिळा वर आला तरी पायाला समजत नाही. सगळं चिकटवून आणि शिवून. मागे टाचेला पट्टा लागतोच, नाहीतर चप्पल निसटून पडते आणि माणूस अनवाणीच पुढे चालत राहतो. काकांच्या हाताखाली शिकणारा मुलगा स्वतः बरा झालेला रुग्ण होता. त्याची दोन बोटं आखडलेली, कात्री नीट धरता येत नव्हती. काकांनी उरलेल्या रबराच्या पट्ट्या कात्रीच्या मुठीला गुंडाळून ती जाड केली, त्याच्या पकडीत बसेपर्यंत तीनदा सोडून पुन्हा बांधली. मग तो स्वतः कापायला लागला. पहिला तळवा वेडावाकडा निघाला तेव्हा काका एवढंच म्हणाले, "बेटा, और एक काटो."

नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, म्हणून उपासनाही शनिवारी. चपला दाराबाहेर, सतरंजीवर एका बाजूला बाया, दुसऱ्या बाजूला पुरुष, मादल नावाच्या ढोलकीच्या तालावर भजनं, आणि भेटताना हात जोडून ‘जयमसीह’. वॉर्डात काम करणारी एक बहिनी (नेपाळीत धाकटी बहीण) सिंधुपाल्चोक जिल्ह्याकडची होती. 25 एप्रिल 2015 चा मोठा भूकंप शनिवारीच झाला, दुपारी बाराला चार मिनिटं कमी असताना, जेव्हा ठिकठिकाणच्या मंडळ्या उपासनेला जमल्या होत्या. कितीतरी विश्वासणारे प्रार्थना करता करताच ढिगाऱ्याखाली गेले. ती हे सांगत होती आणि आमच्या चौघांतल्या नर्स सिस्टर तिचा हात धरून बसल्या होत्या. दोघींची भाषा जेमतेम जुळायची. पुढचे सगळे दिवस त्या दोघींनी ड्रेसिंग एकत्रच केलं.

भाजलेल्या बाबांनी एकदा सिस्टरांना आपणहून विचारलं, "बेटी, इतकी दूर कशाला आलीस? कोण पाठवतो तुम्हाला?" सिस्टरांनी खरं ते सांगितलं, की आम्ही येशूला मानतो आणि त्याने आजाऱ्यांची सेवा करायला सांगितलं आहे. बाबांनी मान हलवली, आपल्या रामजानकीला हात जोडले आणि पाय पुढे केला. सिस्टरांनी पट्टी बांधली. त्याहून अधिक काही बोलायची गरज दोघांनाही नव्हती.

लूकच्या दहाव्या अध्यायात येशू शिष्यांना पाठवताना थैली, झोळी घेऊ नका म्हणतो, आणि ज्या घरात जाल तिथे पुढ्यात वाढतील ते खा असं सांगतो. हे वचन मी अनेकदा ऐकलं होतं, पण तिथे दिदीच्या घरी सकाळ-संध्याकाळ डाळभात आणि तरकारी खाताना ते मला खऱ्या अर्थाने उमगलं. पाठवलेला माणूस पाहुणा असतो. काय शिजवायचं हे तो ठरवत नाही.

निघायच्या आधीच्या आठवड्यात दिदीच्या हाताखालची एक मुलगी एकटीने पाय तपासायला लागली होती. नायलॉनचा बारीक तंतू तळव्यावर टेकवून जाणीव बघायची, नकाशावर खूण करायची, मागच्या नोंदीशी ताडून बघायचं. तिच्या आणि माझ्या नोंदी जुळायला लागल्या तेव्हा मी माझं नाव दिदीच्या वेळापत्रकातून काढायला सांगितलं. उरलेले दिवस मी भांडी घासणं, पट्ट्या गुंडाळणं आणि भाषा शिकणं यात घालवले. वायरिंगवाल्या आमच्या दादाने जाण्यापूर्वी प्रत्येक स्विचबोर्डचा नकाशा काढून तिथल्या इलेक्ट्रिशियनच्या हातात दिला.

परत आल्यावर मंडळीत अहवाल दिला. पडद्यावर रुग्णांचा एकही फोटो नव्हता, चपलेचे आणि कात्रीचे होते. काही तरुणांना पुढच्या वेळी यायचं होतं. त्यांना मी सांगितलं की आधी इथल्याच कुष्ठरोग वसाहतीत दर शनिवारी या, वर्षभर. तिघं अजून येतात.

यंदा तिकडून पुन्हा पत्र आलं. या वेळी माणसं नको आहेत. चपला करणारा तो मुलगा विदर्भात काकांकडे शिकायला यायचा आहे, तीन महिन्यांसाठी, आणि खर्च मंडळीने उचलावा अशी विनंती आहे. पंचकमिटीने होकार दिला आहे. हंगामाचा सण पुढच्या महिन्यात आहे. मावशींनी या वर्षी वेलाला आत्तापासूनच राखण ठेवली आहे. मुलाच्या राहण्याची सोय काकांच्या घरी होईल. त्याला पोळी आवडत नाही, भात लागतो, एवढं मी काकूंना कळवून ठेवलंय.