कव्हराखालची पद्मिनी

कव्हराखाली उभ्या असलेल्या जुन्या पद्मिनी मोटारीचं काय करायचं, हा विषय घरात निघतो तो पावसाळ्याच्या तोंडावर. ताडपत्री बदलायला झालेली असते. एकाला गाडी विकायची असते, दुसऱ्याला ‘पहिल्यासारखी’ करून हवी असते, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना फक्त ती जागा हवी असते. गाडीखाली वाकून मात्र कुणीच पाहिलेलं नसतं.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली. १९७४ च्या सुमारास तिला पद्मिनी हे नाव मिळालं आणि पुढे पंचवीसेक वर्षं ती अंगाने फारशी न बदलता बनत राहिली. तिला वेगळी चासी, म्हणजे खालची पोलादी चौकट, नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे पोकळ सिल आणि चाकांवरचे आतले पत्रे एकमेकांना जोडून जे तयार होतं, तोच सांगाडा. म्हणून बॉनेटवरचा गंज डोळ्यांना खुपला तरी फार बिघडत नाही. सिलमधला दिसत नाही आणि गाडी खाऊन टाकतो.

तपासायला मेकॅनिक लागत नाही. मॅट उचला. पुढच्या सीटसमोर पाय टेकतात तिथे, डिकीत स्टेपनीखाली, आणि मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बॉडीला धरले आहेत त्या जागी बोथट स्क्रूड्रायव्हर जोर लावून दाबा. टणक लागला तर ठीक, भुसभुशीत लागला तर वेल्डिंगचं काम आलं. रंग छान दिसतोय तिथे पातळ फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक फिरवा. चिकटला नाही तर आत पत्रा नाही, पुट्टीचा भराव आहे. शेवटची परीक्षा जॅकची. एक बाजू उचलून त्याच बाजूची दारं उघडून-मिटून बघा. एरवी नीट लागणारं दार आता अडकत असेल, तर सांगाडा वाकतोय. अशा गाडीवर रंगाचा एक रुपयाही घालू नये.

पत्रा बदलायचाच तर सडलेला भाग कापूनच बदलावा. जुन्यावर नवा चढवून वेल्ड केला की काम स्वस्तात होतं, पण दोन पत्र्यांमध्ये पाणी साचतं आणि तीन-चार पावसाळ्यांत पुन्हा तेच. दोन्ही सिल एकदम कापू देऊ नका. एका वेळी एकच बाजू, आणि दाराच्या चौकटीत आडवा आधार वेल्ड करूनच. नाहीतर मधला भाग खचतो आणि दारं पुन्हा कधी जुळत नाहीत.

इंजिनाला लोक उगाच घाबरतात. १०८९ सीसी, चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर. वर्षानुवर्षं उभ्या गाडीला थेट स्टार्टर मारला तर पिस्टनच्या सुकलेल्या रिंगा सिलिंडर खरवडतात. आधी चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर थांबा, मग इंजिन हाताने फिरवा. जुनं पेट्रोल टाकीतून काढून टाका. इंजिन चालू झालं आणि गरम झालं की कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजा. चारही आकडे जवळपास सारखे असावेत. एखादा बराच कमी असेल तर त्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल घालून पुन्हा मोजा: आकडा चढला तर दोष रिंगांचा, तसाच राहिला तर बहुधा व्हॉल्व्हचा. दोन्ही दुरुस्त होतात.

मात्र चालवण्याआधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि उभ्या गाडीत चाकाजवळच्या ब्रेकच्या सिलिंडरचे (व्हील सिलिंडर) रबर कप चिकटून बसतात. ते आणि रबरी नळ्या सरसकट बदला. टायरला नक्षी कितीही असो, कडेवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. दहा वर्षं उलटली असतील तर काढा.

आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते गाडीतल्या इंधनपंपाचा रबरी पडदा (डायफ्राम) आणि जुन्या रबरी पायपा मऊ करतं, ओलावा धरतं, टाकीला आतून गंज आणतं. इथेनॉल सोसणाऱ्या पायपा आणि एक छोटा फिल्टर एवढं आधी करावं. गाडी फार उभी ठेवू नये, हे उत्तम.

पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर सुट्या भागांची चिंता नव्हती. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मर्यादा भरून २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाली. इंजिनाचे भाग अजून मिळतात. खरी टंचाई आहे ती क्रोमच्या पट्ट्या, टेललाइटच्या काचा, दारांची हँडलं यांची. डेंटरने (पत्र्याचं काम करणाऱ्याने) काढलेली अशी प्रत्येक वस्तू, वाकडी असली तरी, परत मागून घ्या.

कागदपत्रांचा घोळ पत्र्याइतकाच. गाडी आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. चाळीस वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाचा बोजा आरसी बुकावर तसाच असेल, तर तो उतरवायला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी २०२५ पासून त्याचं शुल्क १०,००० रुपये झालं आहे, पर्यावरण कर वेगळा. ‘व्हिंटेज करून टाकू’ म्हणणाऱ्यांनी २०२१ चा नियम वाचावा. गाडी पन्नास वर्षांवरची हवी, शुल्क २०,००० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, आणि मग ती रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते. रविवारी लोणावळ्याला नेता येत नाही.

पूर्ण रिस्टोरेशनचा खर्च पद्मिनीच्या बाबतीत विक्रीतून क्वचितच निघतो. गुंतवणूक म्हणून कुणी सुचवलं तर चहा पाजून पाठवून द्यावं. सिल शाबूत असतील तर ब्रेक, टायर, पायपा करून, उडालेल्या रंगासकट ती पंधरवड्यातून एकदा चालवावी, हे माझं मत. सिल गेले असतील आणि पदरी जागाही नसेल, तर विकावी.

विकताना सह्या करून मालकी बदलाचे कोरे फॉर्म २९ आणि ३० कुणाच्या हाती देऊ नयेत. आरटीओत नाव बदलेपर्यंत अपघाताची नोटीस आपल्याच पत्त्यावर येते. आणि घेणारा आला की जपून ठेवलेल्या क्रोमच्या पट्ट्या आधी दाखवाव्यात. खऱ्या शौकिनाची निम्मी घासाघीस तिथेच थांबते.