तुम्ही विचारलंत म्हणून: आमचा भाग लाल का?

रोगाचा नकाशा पडद्यावर आला की समोरचा प्रत्येक जण आधी आपलं ठिकाण शोधतो. मीही तेच करते. कार्यक्रम संपला की कुणीतरी जवळ येतं आणि आवाज खाली आणून विचारतं, "आमचा भाग लाल दिसतोय. तिथे राहणं धोक्याचं आहे का?" रोगांचे नकाशे करणं हे माझं कामच, त्यामुळे हा प्रश्न पाठ सोडत नाही. घाईत उत्तर देववत नाही, कारण विचारणाऱ्याच्या घरी बहुतेक वेळा कुणीतरी आजारी असतं.

मी आधी एवढंच विचारते, की तो लाल रंग किती माणसांवर उभा आहे?

स्कॉटलंडमधल्या पुरुषांच्या ओठांच्या कॅन्सरची 1975 ते 1980 या वर्षांची आकडेवारी आमच्या विषयात शिकणारा प्रत्येक जण कधी ना कधी हाताळतो. एकूण 56 जिल्हे. अपेक्षेच्या किती पट रुग्ण सापडले, या हिशोबात स्काय-लोखॅल्श हा सगळ्यांत वरचा. तिथल्या लोकसंख्येचं वयोमान पाहता 1.4 रुग्ण अपेक्षित होते, सापडले 9. सहापटीहून जास्त! त्याच्या खालोखाल बँफ-बकन: अपेक्षित 8.7, सापडले 39, म्हणजे साधारण साडेचारपट. नकाशा रंगवला तर स्काय जास्त गडद दिसणार. पण स्कायमध्ये दोन-तीन रुग्ण इकडेतिकडे झाले असते तर चित्र पार बदललं असतं. बँफ-बकनमध्ये तेवढ्याने काहीही बिघडलं नसतं. मला विचाराल तर जास्त काळजी बँफ-बकनची करायला हवी. गंमत अशी, की ज्या दोन जिल्ह्यांत एकही रुग्ण नव्हता, तिथली अपेक्षित संख्याही थोडकीच होती. विरळ वस्ती नकाशाच्या दोन्ही टोकांना जाऊन बसते, कधी सगळ्यांत लाल, तर कधी सगळ्यांत फिकी.

म्हणून आम्ही प्रत्येक जिल्ह्याच्या आकड्याला शेजारच्यांचा आणि एकूण सरासरीचा आधार देतो. ज्याच्याकडे स्वतःचे रुग्ण भरपूर, तो जागचा फारसा हलत नाही. ज्याच्याकडे थोडे, तो सरासरीकडे ओढला जातो. असं केलं की स्काय बराच खाली येतो, बँफ-बकन जवळपास तिथेच राहतो. हा आकड्यांवर फिरवलेला रंधा नाही, किती विश्वास ठेवायचा याचा तो हिशोब आहे. आणि त्यानंतरही उत्तरेकडचा लाल पट्टा उरतोच. शेती, मासेमारी आणि जंगलकाम करणारे जिथे जास्त, तिथे हा कॅन्सर जास्त. आयुष्यभर उन्हात राबणारे ओठ, असा अर्थ मनात येतो. पण त्या 39 जणांत उन्हात राबणारे किती होते, हे जिल्ह्याचा आकडा सांगत नाही. त्यासाठी एकेका माणसापर्यंतच जावं लागतं.

मग ठिपक्याचा प्रश्न, म्हणजे प्रत्येक रुग्णाच्या पत्त्यावर एक ठिपका मांडलेल्या नकाशाचा. एका कामात आमच्या नकाशावर एकाच ठिकाणी ठिपक्यांचा ढीग जमला होता. आठवडाभर आम्ही तिथल्या पाण्याच्या लाइन, गटारं, सगळं तपासत बसलो. शेवटी सहकाऱ्याने मूळ केसपेपर काढले. बऱ्याच रुग्णांच्या पत्त्यात नुसता पिनकोड होता आणि सॉफ्टवेअरने ते सगळे त्या पिनकोडच्या भागाच्या बरोबर मधोमध ठेवून दिले होते. तिथे कुणी राहतच नव्हतं. तेव्हापासून नकाशा उघडण्याआधी मी पत्त्यांचा रकाना डोळ्यांखालून घालते. पत्ता अचूक असला तरी तो कुठल्या काळचा, हेही बघावं लागतं. कॅन्सरचा रुग्ण आज ज्या घरात आहे तिथे तो दोन वर्षांपूर्वीच आला असेल, तर आजाराचं मूळ बहुधा आधीच्या कुठल्या तरी पत्त्यावर असतं. मलेरियाचा डास घरी चावला की रात्रपाळीच्या जागी, हे घराचा ठिपका सांगू शकत नाही.

नकाशे काढून थेट कारण सापडतं, असं अनेकांना जॉन स्नो या इंग्रज डॉक्टरच्या गोष्टीवरून वाटतं. लंडन, 1854, कॉलऱ्याची साथ आणि ब्रॉड स्ट्रीटचा पाण्याचा पंप. पण कॉलरा पाण्यातून पसरतो हे स्नोने 1849 मध्येच लिहिलं होतं. पंप बंद करण्यासाठी त्याचा दांडा 8 सप्टेंबरला काढला गेला, मृत्यूंचा तो प्रसिद्ध नकाशा त्यानंतरचा. दांडा निघण्याआधीच्या दिवसांत स्नोने जे केलं त्याचं मला जास्त अप्रूप आहे. मृत्यूंच्या नोंदीतली 83 नावं घेऊन तो दारोदार गेला. त्यांतले 10 जण दुसऱ्या पंपाच्या जास्त जवळ राहणारे होते. हे आपल्या म्हणण्याविरुद्ध जातं म्हणून त्याने सोडून दिले नाहीत, चौकशी केली. पाच घरांतून कळलं, की त्यांना ब्रॉड स्ट्रीटचंच पाणी आवडायचं, मुद्दाम तिथून आणायचे. तीन मुलं त्या पंपाजवळच्या शाळेत जात होती. दूर हॅम्पस्टेडमध्ये एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली, जिथे त्या वेळी दुसरा रुग्णच नव्हता. ती पूर्वी ब्रॉड स्ट्रीटवर राहायची आणि त्या पाण्याच्या चवीसाठी रोज गाडीतून बाटली मागवायची. नकाशाच्या बाहेर पडलेल्या त्या एकट्या ठिपक्याने जेवढं सांगितलं, तेवढं पंपाभोवतीच्या गर्दीनेही सांगितलं नसेल.

नकाशाचा आकार निसर्गातल्या एखाद्या गोष्टीच्या आकाराशी जुळला, की मात्र मी सावरून बसते. आफ्रिकेत काम करणारा सर्जन डेनिस बर्किट याने 1961 मध्ये युगांडातून दक्षिणेकडे जाणारा सुमारे 10,000 मैलांचा प्रवास जुन्या गाडीतून केला. मुलांच्या जबड्याला येणारी कॅन्सरची एक गाठ कुठे दिसते आणि कुठे नाही, हे तो हॉस्पिटलं गाठून विचारत गेला. उंचावरच्या थंड भागात ती दिसेना, उष्ण आणि दमट भागात दिसे. मलेरियाशी असलेलं तिचं नातं त्या वाटेवरून पुढे आलं, आणि 1964 मध्ये त्या गाठीच्या पेशींत विषाणू सापडला.

तर, तुमचा भाग लाल आहे. घर बदलायचं का, हे मी नकाशावरून सांगणार नाही. सांगितलं तर ते खोटं ठरेल. पण तुमची भीती मी झटकूनही टाकणार नाही, कारण रुग्णांचे खरे पुंजके अनेकदा आधी तिथे राहणाऱ्यांच्याच लक्षात येतात. मला रुग्णांची संख्या सांगा. सगळ्यांचा आजार एकच आहे की वेगवेगळे कॅन्सर एका रंगात मोजले गेलेत? वयं काय? त्या जागी कधीपासून राहतात? मागे एका बाईंनी मला वहीचं पान दिलं होतं. प्रत्येक आजारी शेजाऱ्याचं वय, राहायला आल्याचं वर्ष, नोकरीचं ठिकाण, आणि शेवटच्या रकान्यात, प्यायला पाणी कुठून घेतात. आम्ही त्या पानापासून सुरुवात केली.