तुम्ही विचारलंत म्हणून: संमोहनात माणूस स्वतःचा राहतो का?

मी पुण्यात समुपदेशन करते आणि गरज असेल तिथे संमोहन वापरते, हे कळलं की लग्नाच्या पंगतीत असो नाहीतर सोसायटीच्या गच्चीवर, प्रश्न ठरलेला, "मॅडम, म्हणजे तुम्ही आमच्याकडून काहीही करून घेऊ शकता?" हसत विचारतात पण आत भीती असते, कारण गणपतीत मंडळाच्या स्टेजवर कॉलेजातला चांगला शहाणा मुलगा कोंबडीसारखा ओरडताना त्यांनी पाहिलेला असतो.

पण संमोहनाच्या त्या प्रयोगात आधी सगळ्यांना बोटं एकमेकांत घट्ट अडकवायला सांगतात, आता ती सुटणार नाहीत असं म्हणतात आणि ज्यांची सुटत नाहीत त्यांनाच वर बोलावतात, म्हणजे निवड तिथेच झाली. संमोहित होण्याची ही क्षमता ज्याची त्याची असते. वाइट्झेनहॉफर आणि हिल्गार्ड या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ती मोजायला १२ चाचण्यांची पट्टी बनवली, आणि पुढे तीच माणसं २५ वर्षांनी पुन्हा तपासली तर स्कोअर बरेचसे तसेच निघाले.

माझ्यासमोर काय होतं सांगते. उजवा हात हलका होतोय असं मी म्हणत राहते, बराच वेळ काहीच नाही, मग तर्जनी जराशी थरथरते, मनगट खुर्चीवरून सुटतं आणि हात बारीक बारीक झटके घेत वर यायला लागतो. नंतर विचारलं तर म्हणतात, "मी नाही उचलला, आपोआप गेला." स्नायू त्यांचेच, मेंदू त्यांचाच, फक्त 'हे मी करतोय' ही जाणीव तेवढा वेळ बाजूला झालेली असते, बाकी रस्त्यावरचा हॉर्न ऐकू येतोच आणि डोळे उघडून उठावंसं वाटलं तर उठताही येतं. त्यात खूप जणांना ओझं खाली ठेवल्यासारखं वाटतं, आणि आयुष्यभर सगळं स्वतःच सांभाळत आलेल्या माणसाला ते किती हवं असतं हे मी रोज बघते.

वाईट काम करून घेता येईल का? १९६५ मध्ये ऑर्न आणि इव्हान्स या संशोधकांनी प्रयोग केला, त्यात संमोहित लोकांनी सांगितल्यावर समोरच्यावर ॲसिड फेकलं, (त्याला इजा होणार नाही अशी सोय केलेली होती,) पण संमोहनाचं नुसतं नाटक करणाऱ्यांनीही फेकलं! प्रयोगशाळेत कुणाला काही होऊ देणार नाहीत असा सगळ्यांचा विश्वास होता. म्हणून घाबरायचंच तर आपण कुणाच्या शब्दावर आंधळा भरवसा ठेवतो त्याला घाबरा, त्याला संमोहन लागतच नाही.

मला खरी काळजी वाटते ती आठवणींची. "लहानपणी माझ्यासोबत काहीतरी झालंय, तेवढं शोधून द्या" किंवा "मागचा जन्म बघायचाय" असं म्हणत लोक येतात तेव्हा मी स्पष्ट नाही म्हणते. संमोहनात जास्त आठवतं पण चुकीचंही तितकंच आठवतं, आणि त्या चुकीच्या आठवणीवरही माणूस ठाम होतो, म्हणून तर कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्ये अशा आठवणींवरच्या साक्षी नाकारल्या. आपण कोण हे आपण आठवणींवरूनच सांगतो ना, मग माझ्या एका सूचक प्रश्नाने कुणाचं बालपण बदललं, त्याच्या मनात वडिलांबद्दल नसलेला राग कायमचा बसला, तर तो मी कसा काढू?

झोप, दाताच्या डॉक्टरची धास्ती, जुनं दुखणं, यासाठी जरूर या, फक्त दुखण्याचं निदान आधी डॉक्टरांकडून करून घ्या.